बैठकीचा वार मोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नातवंडं एकटीनं सांभाळणाऱ्या आज्यांच्या बुधवारच्या बैठकीला दोनच आज्या येतात, त्याही लेकरांच्या सरकारी बालसंगोपन योजनेचे पैसे कधी जमा होणार एवढंच विचारतात, मग दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा बसावं का, की सरळ व्हॉट्सॲप ग्रुप काढावा, असं तू विचारलंयस.

नाही. बुधवार म्हणजे बुधवार. वार मोडू नकोस.

पैशांचं विचारतात याचं तुला वाईट का वाटावं? म्हातारीच्या श्रावणबाळ पेन्शनचे महिन्याला १५०० आणि लेकराचे बालसंगोपनाचे २२५० रुपये, दोन्ही कधी वेळेवर येत नाहीत. त्यात वही, औषध, किराणा सगळं बसवायचं असतं. म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कामानं रेघा झिजलेल्या असतात, म्हणून ती बँकेतून हात हलवत परत येते. तिच्याकडची कॅरीबॅग कधी नीट बघ. वर पासबुक, मग लेकराचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, आणि सगळ्यात खाली, घडीवर फाटत आलेला, पोटच्या पोराचा मृत्यूचा दाखला. लेकराच्या पैशांसाठी बालकल्याण समितीपुढे उभं राहायचं तर प्रत्येक वेळी तो बाहेर काढावा लागतो. तू त्याला ‘नुसतं फॉर्मचं काम’ म्हणतेस. तो कागद तिच्या हातातून घेताना घाई करू नकोस, एवढंच तुला आधी शिकायचंय.

आणि पालकत्वाचं प्रशिक्षण वगैरे तूर्त बाजूला ठेव. जिनं पाच लेकरं वाढवली तिला तक्ता लावून काय सांगणार आहेस? तिची अडचण वेगळी आहे. स्वतःच्या पोराचं दुःख करायला तिला जागा नाही, कारण समोर त्याचंच लेकरू बसलंय.

एक आजी आमच्याकडे कितीतरी बुधवार नुसती येऊन बसायची. पासबुक मांडीवर, तोंडातून शब्द नाही. एकदा मध्येच म्हणाली, “लेकरू इचारतंय, बाप कवा येणार. म्या सांगितलंय पुण्याला कामाला गेलाय. आता काय सांगू?” बापानं कर्जापायी औषध घेतलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात कोपऱ्यातली दुसरी बोलली, “म्याबी पुणंच सांगितलं व्हतं. पोरगं शाळेतून आईकून आलं. तवापासून माझ्या कशावरच इस्वास ठिवत न्हाई.” पुढं बराच वेळ त्या दोघीच बोलत होत्या. मला जे कधी जमलं नसतं ते त्या दुसरीनं केलं. पण ती त्या दिवशी तिथं होती, कारण बुधवार होता. ग्रुपवर मेसेज टाकून ही गोष्ट घडते का, सांग मला. दोघींनाही वाचता येत नाही.

या बायकांचं सगळं हललेलं आहे. पोरगा गेला, सून दुसऱ्या घरी गेली, कुणाचे लेक-सून दिवाळी झाली की उचल घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर निघतात ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. अशात एक गोष्ट तरी जागची हलू नये. म्हणून वार मोडायचा नाही. कुणी आलं नाही तरी समाजमंदिर उघडून बसायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे की दार उघडं आहे.

मला हट्टी म्हणणारे कमी नव्हते. एका देणगीदार संस्थेला दर आठवड्याला नवं गाव, नवी डोकी हवी होती. मी नाही म्हटलं, त्यांनी पैसा बंद केला. माझ्या लेकीची स्नेहसंमेलनं बुधवारीच यायची आणि मी नसायचे. ती अजून बोलून दाखवते, आणि मला ते लागतं, फार लागतं. तरीही सांगते, मी दुसरं काही केलं नसतं. तिच्यासाठी टाळ्या वाजवायला तिचे बाबा होते. समाजमंदिराची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

आणखी एक. निघून गेलेल्या सुनेला शिव्या सुरू झाल्या की तिथंच थांबव, लेकरू जवळपास असेल तर लगेच. त्याला ती आईच आहे. इथं मऊ बोलू नकोस. आज्या रागावतील, चार दिवस येणार नाहीत, नंतर येतील. मामा आणि काका दोघं एकदम आले आणि जमिनीवरून जुंपली, तर तो वाद बैठकीत घेऊ नकोस. त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव, नियमात बसलं तर तिथं वकील फुकट मिळतो.

तू दमलीयस हे मला कळतं. दोन माणसांसाठी एसटीनं एवढं लांब जायचं, रस्ता असा, ऊन असं. सुट्टी घे, जरूर घे, पण आधी मला फोन कर. त्या बुधवारी मी येऊन बसेन. बैठक बाराचीच ठेव, बाजार उरकून त्या तेव्हाच मोकळ्या होतात. आणि दोघींपैकी जिचा अंगठा उमटत नाही, तिला घेऊन तू स्वतः बँकेत जा, चिठ्ठी देऊन पाठवू नकोस.

तुझी,
ताई