घरटी अर्धा एकर जमीन असलेले जावातील शेतकरी खेडे कसे चालते?

विचारलेला प्रश्न असा आहे : ‘जावा बेटावरील लहान शेतकरी खेडे प्रत्यक्षात कसे असते? तेथे घरटी एकरभरही जमीन नसते असे वाचले. मग ही गरीब पण समाधानी माणसे कशावर जगतात आणि असे गाव पाहायला कधी जावे?’

‘गरीब पण समाधानी’ हे शब्द वाचले म्हणूनच उत्तर लिहायला बसलो. जावाचा विषय निघाला की माझे थोरले चुलतभाऊ मला नेमके हेच ऐकवतात आणि त्याला जोडून ‘तुकड्यांच्या शेतीवर गाव टिकत नाही, विकून मोकळे व्हावे’ असा निकालही देतात. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीच्या कामानिमित्त मी पूर्व जावातील केदिरी जिल्ह्यात, केलूद ज्वालामुखीचा पायथा आणि ब्रांतास नदी यांच्या मधल्या एका वाडीत भाड्याने राहिलो आहे, त्यामुळे माझे म्हणणे तेवढ्या मुलखापुरते धरावे.

जावाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तेथे १५ कोटींहून अधिक लोक मोजले गेले. एवढी माणसे त्या जमिनीने पोसली याचे कारण ज्वालामुखीची राख आणि बारमाही पाणी हे आहे. केदिरीकडे पाटाच्या पाण्यावर भाताची दोन पिके आणि त्यानंतर मका किंवा मिरची असा क्रम चालतो, अधूनमधून त्याच खाचरांत ऊस येतो. भाताच्या जमिनीत पाणी साचते म्हणून उसासाठी कुदळीने खोल चर खोदून निचरा करावा लागतो. ते चर पाहिल्यावर आपल्याकडे सरीत पाणी सोडून निवांत बसणाऱ्यांविषयी माझे मत जरा खाली आले. आपल्या दख्खनच्या कालव्यांवर पुंड्या उसाची जागा ज्या जातींनी घेतली, त्यांत याच पूर्व जावातील पासुरुआनच्या संशोधन केंद्राची पीओजे २८७८ होती, हे आपल्या ऊसवाल्यांनी विसरू नये.

वाडी म्हणजे दाट झाडीचे एक बेट आणि चहूबाजूंनी खाचरे. प्रत्येक घराभोवती परसबाग असते आणि तीत नारळ, केळी, फणस, बांबू असे एकाखाली एक लावलेले असते. घरे कौलारू, पुढच्या खोलीत चकचकीत फरशी आणि दाराशी मोटारसायकल. टोकाला लहान प्रार्थनाघर आणि चाफ्याच्या झाडांखाली कबरस्तान. तीस-चाळीस घरांच्या शेजाराला ‘एर्ते’ म्हणतात आणि त्याचा प्रमुख तो ‘पाक एर्ते’. त्याच्या वर गावचा प्रमुख, लुराह. पूर्वी पगाराऐवजी त्याच्याकडे कसण्यासाठी गावची जमीन असे, म्हणजे आपल्या पाटीलकीच्या वतनासारखीच व्यवस्था. पाटाचे पाणी पाळीने सोडणारा उलू-उलू हा तर अस्सल पाटकरी.

प्रत्येक घराच्या कुंपणाला एक लहान डबा किंवा प्लॅस्टिकचा पेला टांगलेला असतो. घरातली बाई संध्याकाळी त्यात चिमूटभर तांदूळ किंवा एखादे नाणे टाकते आणि रात्री गस्तीवरची माणसे ते गोळा करून नेतात. या प्रथेला जिंपितान म्हणतात. मला प्रथम हा पोरखेळ वाटला होता.

१३ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री अकराच्या सुमारास केलूदचा उद्रेक झाला. डोंगराभोवतीची दहा किलोमीटरमधली गावे खाली करण्यात आली. आमची वाडी त्या वर्तुळाबाहेर होती, तरीही कौलांवर खडे पडण्याचा आवाज गारपिटीसारखा चालू राहिला. उजाडले तेव्हा अंगणे, खाचरे, केळीची पाने सगळे एकाच करड्या रंगाचे झाले होते आणि तेथून दोनशे किलोमीटर दूर योग्यकर्तापर्यंत राख पोहोचली होती. १९९० च्या उद्रेकात बहुतेक माणसे राखेच्या भाराने छपरे कोसळून मेली होती. ही गोष्ट वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या लक्षात होती. राख पावसात भिजली की दुप्पट जड होणार, त्यामुळे भिजण्याआधी ती उतरवणे आणि फुटलेली कौले बदलणे भाग होते.

सकाळी प्रार्थनाघराच्या ओट्यावर बैठक बसली आणि चहा निवायच्या आत क्रम ठरला : आधी एकट्या म्हाताऱ्या बायकांची घरे, मग तान्ही मुले असलेली, मग बाकीची आणि सर्वांत शेवटी पाक एर्ते यांचे स्वतःचे घर. तरुण पोरे कौलांवर चढली, खाली साखळी करून माणसांनी पाट्या हातोहात सरकवल्या, बायकांनी एका अंगणात चूल मांडून सर्वांसाठी भात आणि पेचेल (शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या) केले, आणि नवी कौले आणायला पैसे आले ते त्याच चिमूटभर तांदळाच्या जिंपितानमधून. माझ्या घरमालकिणीच्या छपरावरची राख खाली आल्यावर तिने ती पोत्यांत भरून ठेवली, कारण ती खडीसारखी राख बांधकामाला विकली जाते.

आमच्या गावी वाड्याची सामाईक भिंत एका पावसाळ्यात खचली. चार हिस्सेदार असूनही ती तशीच आडवी पडून राहिली, कारण वर्गणी आधी कोणी काढायची हे ठरेना. चुलतभाऊ म्हणतात की तुकडे झाले म्हणून हे झाले, आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा पुढे करतात. मी म्हणतो की जावातला शेतकरी आपल्या कुणाहीपेक्षा लहान तुकड्यावर बसला आहे. तेथे बहुसंख्यांकडे अर्धा हेक्टरही नसतो, तरी छपराचा क्रम चहा निवायच्या आत ठरतो. जमीन लहान असल्याने भाऊबंदकी होत नाही, ती बांध कोरणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही म्हणून होते. तेव्हा तुमच्याकडे एखादा वडिलोपार्जित तुकडा असेल तर तो विकू नका, निम्मेवाट्याने कसायला द्या, आणि पाण्याच्या पाळीचा कागद आधी करून घ्या.

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर चुलतभाऊ हे उत्तर वाचून हसतील. त्या वाडीतल्या बऱ्याच घरांकडे जमीनच नाही, ती मजुरीवर जगतात. पूर्वी कापणीला गेलेल्या प्रत्येकाला धान्याचा वाटा मिळत असे. आता व्यापारी उभे पीक एकगठ्ठा विकत घेतो आणि स्वतःची टोळी आणतो, त्यामुळे तो हक्क बराच संपला आहे. गस्तीला न येणाऱ्याकडून दंड घेतात, म्हणजे या एकोप्यात सक्तीही पुष्कळ आहे. आणि फरशीची घरे केवळ भातावर उभी राहिली नाहीत, त्यांतल्या कित्येकांमागे हाँगकाँग आणि तैवानला घरकामाला गेलेल्या मुलींचे पैसे आहेत. हे सगळे मला मान्य आहे, आणि तरीही भिंतीविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

कधी जावे, तर मे ते नोव्हेंबर हा तेथील गाळप हंगाम असून त्यातही जून ते सप्टेंबर कोरडे असतात. लावणी पाहायची असेल तर पाऊस सुरू झाल्यावर, डिसेंबरच्या आसपास जावे. सुराबाया येथे उतरून केदिरीपर्यंत रेल्वे आहे. वाडीत मुक्काम करणार असाल तर पाहुण्याने चोवीस तासांच्या आत कळवावे अशी पाटी बहुतेक ठिकाणी दिसेल. ती शोभेची नाही, सामान ठेवून आधी पाक एर्ते यांच्या घरी जाऊन पासपोर्ट दाखवावा.