कॉलेजच्या खात्यात फाइल्स ठेवणार असाल तर आधी हे वाचा

घरी लॅपटॉप नाही, सगळं काम कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि चवथीच्या सुट्टीनंतर डेस्कटॉपवरचा फोल्डर गायब. तुमचं हे वाचलं आणि वाळपईहून कदंबा बसने पणजीला ये-जा करत केलेलं माझं एम.ए. आठवलं.

डेस्कटॉपवरचं आता विसरा. बऱ्याच लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं, मशीन रीस्टार्ट झालं की सगळं पूर्वीसारखं होतं. तरी एखादा ड्राइव्ह त्यातून वगळलेला आहे का, ते लॅब असिस्टंटना विचारून घ्या.

मला बोलायचंय ते तुमच्या शेवटच्या वाक्यावर. ‘यापुढे सगळं कॉलेजने दिलेल्या गूगल खात्यातच ठेवणार.’ मीही तेच केलं होतं.

माझा प्रबंध गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या धालोच्या गाण्यांवर होता, म्हणजे पौषात बायका मांडावर, ठरलेल्या जागी जमून नाचत गातात त्या. बायकांकडून ऐकलेली गाणी फोनवर रेकॉर्ड करायची, लॅबमध्ये येऊन कॉलेजच्या खात्यातल्या गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून तिथून काढून टाकायची. खबरदारी म्हणून तो फोल्डर मी माझ्या जीमेलला शेअर केला होता. मला वाटलं, दोन ठिकाणी आहे. तो एकाच ठिकाणी होता. शेअर केल्याने फक्त बघायची वाट मिळते, फाइलची मालकी कॉलेजच्या खात्याकडेच राहते. निकालानंतर आमच्या बॅचची खाती काढून टाकली आणि माझ्या जीमेलमधूनही तो फोल्डर गेला.

मी लगेच कॉलेजला अर्ज दिला. तो घेतला, शिक्का मारला आणि सांगितलं, सरांची सही झाली की बघू. सर रजेवर. पुढच्या खेपेला अर्ज दुसऱ्या टेबलावर. महिना उलटल्यावर त्यांच्याच तंत्रज्ञाने सांगितलं की काढलेलं खातं ॲडमिनला 20 दिवसांच्या आतच परत आणता येतं. माझा अर्ज पहिल्या आठवड्यात पोचला होता! कोणी एक फोन केला असता तर काम झालं असतं. त्या रेकॉर्डिंगमधल्या एक आजी पुढच्या पौषात मांडावर नव्हत्या. त्यांची गाणी माझ्याकडे नाहीत, त्यांच्या घरीही नाहीत. याचा राग अजून आहे.

म्हणून माझं ठाम मत: कॉलेजचं खातं कामापुरतं वापरा, साठवायला नाही. फोल्डर आधी स्वतःच्या जीमेलला शेअर करा, मग त्या जीमेलने लॉगिन करून तो गूगल ड्राइव्हमध्ये उघडा, आतल्या फाइल्स निवडा आणि ‘मेक अ कॉपी’ करा. अख्ख्या फोल्डरची कॉपी होत नाही, आतल्या फाइल्सचीच करावी लागते. त्या प्रतीचे मालक तुम्ही. कॉलेजने बाहेर शेअर करणं बंद ठेवलं असेल तर डाउनलोड करून चढवा. फुकटचे 15 जीबी मिळतात, पण त्यात मेल आणि फोटोही धरलेले असतात. आणि ते खातं 2 वर्षं अजिबात वापरलं नाही तर गूगल तेही काढू शकतं.

दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर, पण एकुलती एक प्रत तिथे कधीच नको. लॅबमध्ये लावल्यावर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर क्लिक करू नका. तो व्हायरस असतो, फाइल्स बहुधा फक्त लपवलेल्या असतात. फॉरमॅट करायची घाई नको, आधी जाणकाराला दाखवा.

मराठीत टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर वाचता येत नाही. सादर करायच्या आदल्या दिवशी हे कळलं तर फार हाल होतात.

मी संगणकातली तज्ज्ञ नाही, प्रत्येक कॉलेजचे नियमही वेगळे. तुमचं खातं निकालानंतर किती दिवस चालू राहणार, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा. फाइल्स कॉपी करताना अडलात तर इथेच लिहा, मी रात्री जेवण झाल्यावर बघते.