माशांच्या रिकाम्या टाकीत घरातल्या घरात मिनिएचर ऑर्किड्स वाढवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, माशांची दीड फुटी टाकी रिकामी पडली आहे, घरात ऊन फारसं येत नाही. तिचं टेरॅरियम, म्हणजे काचेच्या पेटीतली छोटी बाग, करून त्यात नखाएवढ्या फुलांची ऑर्किड्स लावायची आहेत. टाकी बंद ठेवायची की उघडी, झाडं कोणती घ्यायची आणि गणपतीत गावी गेल्यावर त्यांचं काय करायचं?

येतील की. ऊन नाही तेही एका परीनं बरंच आहे. मी ठाण्यात बरीच वर्षं अशा टाक्या सांभाळते आहे, म्हणून आधी एक गोष्ट सांगते. व्हिडिओंमध्ये दाखवतात ना, तळाला कोळसा, वर माती, त्यावर मॉस, बाटलीला बूच आणि मग वर्षभर बघायला नको, ते नेच्यांना आणि फिटोनियासारख्या ओलाव्यातल्या शोभेच्या झाडांना चालतं. ऑर्किडला नाही. बहुतेक मिनिएचर ऑर्किड्स मातीत उगवतच नाहीत, ती फांद्यांवर बसतात. पाऊस आला की मुळं भिजतात, वारा सुटला की सुकतात, आणि हे रोज चालतं. टाकीत भिजवणं कुणालाही जमतं. वेळेवर सुकवणं अवघड, सगळं कसब तिथं लागतं.

ऑर्किडला बंद, कोंदट काचेत ठेवायची ही गडबड आजची नाही. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं १८२९ मध्ये पतंगाचा कोश बंद बाटलीत ठेवला. कोशाचं राहिलं बाजूला, बाटलीतल्या ओलसर मातीत नेचा उगवला. त्यातून त्यानं काचेची बंद पेटी तयार केली आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं जहाजानं थेट सिडनीला जिवंत पोचली. त्याच सुमारास इंग्लंडातले धनिक जगभरातून ऑर्किड्स मागवत होते आणि ‘उष्ण प्रदेशातली झाडं’ म्हणून कोंदट, तापवलेल्या काचघरात ठेवून मारत होते. अँडीजच्या ढगांतून आलेलं झाड आणि समुद्रसपाटीच्या रानातलं झाड, दोघांना एकच भट्टी. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यानं मूळ हवामानाप्रमाणे झाडांची वेगळी घरं केली, तापमान उतरवलं, हवा खेळती ठेवली, तेव्हा कुठे ती तग धरू लागली. तुमच्या दीड फुटात अशी वेगवेगळी घरं मावणार नाहीत. एकच हवामान निवडायचं आहे, आणि तेही तुम्ही नाही, डोंबिवलीचा मे महिना निवडणार.

म्हणून झाडं घेण्याआधी रात्रीचं तापमान बघा. दिवसाचं एक वेळ चालेल. आपल्याकडे मे महिन्यात रात्री बाहेर २७-२८ अंश असतात, घरात त्याहून जास्तच. मास्डेव्हालिया, ड्रॅक्युला, बहुतेक लेपँथिस ही सगळी मंडळी मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतल्या धुक्याच्या जंगलातली, रात्री १२-१५ अंशांची सवय असलेली. इंटरनेटवर ‘टेरॅरियम ऑर्किड’ म्हणून फोटो बहुतेक यांचेच असतात. लेपँथिस तर वेड लावणारं झाड आहे. पानाच्या पाठीवर टेकलेलं चिमुकलं फूल, आणि त्यातल्या एका जातीत तर नर चिलट त्या फुलालाच मादी समजून येतं आणि जाताना पराग घेऊन जातं. पण ज्या घरात रात्रभर एसी चालत नाही त्या घरात ते एप्रिल काढणार नाही. कुणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. न्यू गिनीच्या डोंगरांतलं डेंड्रोबियम कथबर्टसोनाय हेही त्याच यादीतलं.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती स्कीनॉर्किस फ्रॅग्रन्स. म्यानमार-थायलंडकडचं झाड, दोन-तीन इंचांच्या वर जात नाही. जाड, मांसल पानांच्या दोन रांगा आणि मधून गुलाबी-जांभळ्या फुलांचा गुच्छ, एकेक फूल मोहरीहून जरा मोठं. वास घ्यायला नाक अगदी जवळ न्यावं लागतं. दुसरं हॅरेला, तैवानचं. पिवळसर हिरवं, पाऊण इंचाचं फूल आणि ओठावर, म्हणजे खालच्या मोठ्या पाकळीवर, काळसर जांभळा केसाळ डाग, लांबून मधमाशी बसल्याचा भास होतो. झाड हाताच्या तळव्यावर मावतं, तरी वर्षातून अनेकदा फुलतं. उन्हाळ्यात ते टाकीच्या तळाशी ठेवा, वर दिव्याची ऊब जास्त असते. तिसरं डेंड्रोबियम टोरेसी, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं. पानं गव्हाच्या दाण्याएवढी, सालीला चिकटून रांगत पसरतात. अगदीच हात बसलेला नसेल तर लुडिसियापासून सुरुवात करा. ते मिनिएचर म्हणता येणार नाही, पण पानं मखमली, गर्द तपकिरी, त्यावर तांबूस शिरा. शिवाय ते जमिनीवर वाढणारं, त्यामुळे ओलाव्यात चुकलं तरी सांभाळून घेतं आणि काडी तोडून लावली तरी रुजतं. नर्सरीत ‘मिनी’ म्हणून मिळणारं फॅलेनॉप्सिस मात्र टाकीत घालू नका. त्याची फुलं लहान असतात, पानं नव्हे.

आता सह्याद्रीतल्या आमऱ्यांचं, म्हणजे आपल्याकडच्या रानटी ऑर्किड्सचं विचाराल, कारण ते सगळेच विचारतात. पॉर्पॅक्सचे चपटे गोल कंद, त्यावर जाळीदार पापुद्रा, किंवा डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन, दोन्ही टाकीत शोभतील अशीच. पण ती चार महिने धो धो पावसात भिजतात आणि पुढचे सात-आठ महिने कोरड्या फांदीवर किंवा खडकावर पानं गाळून झोपून काढतात. बारमाही ओल्या टाकीत कंद मऊ पडतो आणि संपतो. आणि राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून झाड उचलणं हा गुन्हा आहे, वादळात पडलेल्या फांदीवरचं असलं तरी. परदेशातून मागवायची हौस असेल तर आणखी एक: ऑर्किडचं अख्खं कुळ साइटीस या वन्य झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतं, परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्राशिवाय पाकीट मागवू नका. केरळात आणि ईशान्य भारतात टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं करणारे उत्पादक आहेत, त्यांच्याकडून घ्या.

टाकीची रचना सोपी ठेवा. माती नकोच. तळाला दोन इंच भाजक्या मातीच्या गोळ्या किंवा धुतलेले खडे, त्यावर प्लॅस्टिकची जाळी. पाणी खड्यांच्या खालच्या थरातच राहिलं पाहिजे. मागच्या काचेला कॉर्कच्या सालीचे तुकडे सिलिकॉननं चिकटवा, अ‍ॅसिडचा वास न येणारं, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. कॉर्क महाग वाटला तर नारळाचं सोडण चालतं, पण त्यात क्षार असतात, म्हणून आठवडाभर पाणी बदलत भिजवा. झाड बांधायला तंगूस (मासेमारीचा पारदर्शक नायलॉन दोरा) उत्तम, दिसतही नाही. मुळांखाली स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, पातळ थर द्या, मुळांवर मॉस दाबू नका. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरचं हिरवंगार शेवाळ खरवडून आणायचा मोह होतो. त्याबरोबर सहज न दिसणाऱ्या चिमुकल्या गोगलगायी येतात आणि त्या नेमकी मुळांची हिरवी टोकंच खातात. आल्याच तर रात्री काकडीची चकती ठेवा आणि सकाळी चकतीसकट उचला.

वर काच ठेवा, पण पुढच्या बाजूला दोन बोटांची फट सोडा. आत ४० मिलिमीटरचा, ५ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा लावा, मोबाईलच्या चार्जरवर चालतो. त्याचा झोत झाडावर नको, समोरच्या काचेवर आदळून पसरायला हवा. हा पंखा दिवसरात्र चालू. दिव्याच्या टायमरला तो जोडू नका, रात्री हवा थांबली की पानांच्या बेचक्यातलं पाणी तिथंच बसतं आणि सकाळी तिथं काळा, पाणचट डाग दिसतो. आर्द्रता ७० ते ८० टक्के पुरे. काचेवर कायम दव दिसत असेल तर फट वाढवा.

उजेडासाठी ६५०० केल्विनची (दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची) १० वॉटची एलईडी पट्टी काचेच्या बाहेर, वर. रोज १२ तास. महिन्याला साडेतीन-चार युनिट होतात. पानं गर्द हिरवी, लांबट, लोळलेली झाली तर उजेड कमी पडतोय. कडा लालसर झाल्या तर भरपूर आहे. टाकी उन्हात ठेवू नका, काचेच्या आत थोड्याच वेळात झाड उकडून निघतं.

पाणी आरओचं किंवा पावसाचं. पहिला पाऊस सोडून द्या, नंतरचं उघड्यावर बादलीत धरा. बोअरचं पाणी वापरलंत तर काचेवर आणि पानांवर पांढरे डाग पडतील आणि मुळांवर क्षार साचतील. फवारा सकाळीच मारा, संध्याकाळी नाही. किती मारायचा ते मुळंच सांगतात, त्याकडे एकदा नीट बघा. ऑर्किडच्या मुळावर पेशींचा स्पंजासारखा थर असतो. सुकलेलं मूळ चांदीसारखं पांढरट दिसतं. पाण्याचा थेंब लागला की त्या जागी काही क्षणांत पांढरा रंग विरतो आणि आतला हिरवा वर येतो. सगळी मुळं हिरवी झाली की थांबायचं, पुन्हा चांदी दिसेपर्यंत फवारा नाही. पावसाळ्यात हे दोन-तीन दिवसांनी होईल, मे महिन्यात रोज.

खत म्हणजे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), कृषी सेवा केंद्रात मिळतं तेच. लिटरला पाव ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं मुळं धुऊन काढायची. पिशवीवर लिहिलेलं प्रमाण शेतासाठी असतं, ते टाकीत वापरू नका.

पान मऊ पडून काळं झालं तर त्याच दिवशी झाड बाहेर काढा, ब्लेड ज्योतीवर तापवून गार करा, सडका भाग थोड्या चांगल्या भागासकट कापा आणि जखमेवर दालचिनीची पूड लावा. पूड मुळांना लागू देऊ नका, ती मुळं सुकवते. नवं झाड टाकीत घालण्याआधी महिनाभर वेगळं ठेवा. पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी पिठासारखी कीड, एकदा कॉर्कमागे शिरला की निघत नाही.

आणि गणपती. ते दिवस पावसाळ्याच्या शेवटाकडचे, हवेत दमटपणा असतोच, त्यामुळे आठ-दहा दिवस काही होत नाही. निघायच्या सकाळी नीट फवारा मारा, खड्यांत पाणी भरा, फट एका बोटावर आणा, दिवा ८ तासांवर, पंखा चालू. मे महिन्यात जाणार असाल तर मात्र कुणाला तरी सांगावं लागेल. शेजारच्या काकूंकडे चावी देताना फवाऱ्याची बाटली लहानातली लहान द्या आणि त्यात रोजच्यापुरतंच पाणी भरायला सांगा. मोठी दिली की त्या मायेनं ती रिकामी होईपर्यंत मारतात.