आधीची तीस मिनिटं

प्रश्न : काका, आमचा चौघांचा रॉक बँड आहे, मी बेस वाजवतो. ज्याची गाणी ऐकून आम्ही गिटार हातात घेतली, तो गायक-गिटारवादक आमच्याकडे येतोय आणि त्याच्या आधी वाजवायला आयोजकांनी आम्हाला बोलावलंय. तीस मिनिटं मिळतील, पण साउंड चेकचं काही सांगता येत नाही म्हणाले. आनंद झालाच, पण तेव्हापासून रोज वादही चाललेत. गायकाला त्या कलाकाराचंच एक गाणं आदर म्हणून गायचंय. गिटारवाल्याला आमचं अकरा मिनिटांचं गाणं काहीही करून घ्यायचंय. ड्रमर म्हणतो, लोक आपल्याला ऐकायला येतच नाहीयेत, मग एवढा विचार कशाला? काय करावं?

उत्तर : ड्रमरचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तुमच्यासाठी कोणी तिकीट काढलेलं नाही, हे कबूल. पण दारं उघडायच्या आधीपासून रांगेत उभं राहून पुढची जागा धरणारी माणसं कोण असतात? संगीतावर जीव असलेली. अशी माणसं एकत्र, तीही तुमच्यासमोर, तुमच्या स्वतःच्या कार्यक्रमालासुद्धा सहजासहजी मिळत नाहीत. मी आधी ड्रम वाजवले आणि नंतर बरीच वर्षं स्टेजच्या कडेला मॉनिटरच्या, म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून लावलेल्या स्पीकरच्या, मिक्सरमागे काढली. तिथून पुढच्या दोन-तीन रांगांतले चेहरे स्पष्ट दिसतात. ते हिशेब करत नाहीत की हे कोण, किती प्रसिद्ध. चांगलं वाजलं की त्यांची मान हलते. तुम्ही त्यांच्यासाठी वाजवायचं आहे.

आता साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून आवाज जुळवून घेणं. मुख्य कलाकाराचा साउंड चेक सगळ्यांत आधी होतो आणि सगळ्यांत आधी वाजवणाऱ्याचा सगळ्यांत शेवटी. शेवटी लागलेली मांडणी तशीच ठेवून कार्यक्रम सुरू करता यावा, एवढंच त्यामागचं कारण. त्यामुळे मुख्य कलाकाराचं काम लांबलं की कात्री तुमच्या वेळेला लागते. यात कोणी तुमचा अपमान करत नसतं. साउंड चेक मिळणार नाही असं धरूनच तयारी करा. लाइन चेक मात्र मिळेल, म्हणजे प्रत्येक माइकमधून आणि प्रत्येक केबलमधून आवाज मिक्सरपर्यंत पोचतोय की नाही एवढं बघणं. ते झटपट व्हावं म्हणून एका कागदावर स्टेजचा नकाशा काढा : कोण कुठे उभं राहणार, कोणाला माइक, कोणाला डीआय बॉक्स (वाद्याची केबल थेट मिक्सरला जोडणारी डबी), वीज कुठे लागणार. खाली चॅनलची, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या प्रत्येक माइकची आणि केबलची, क्रमवार यादी लिहा. कागद आधी पाठवा आणि त्या दिवशी छापील प्रती खिशात ठेवा, कारण ज्याला पाठवला तो माणूस मिक्सरवर असेलच असं नाही.

जागाही कमी मिळेल. मुख्य कलाकाराचं सामान बहुधा आधीच लागलेलं असतं, ड्रम उंचवट्यावर झाकून ठेवलेले असतात आणि तुम्ही त्याच्या पुढच्या चिंचोळ्या पट्टीत उभे असता. ड्रमचा सेट वापरायला दिला, तरी स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा आणि किक पेडल (मोठा ड्रम वाजवायचं पायातलं पेडल) ज्याचं त्याने आणायचं असतं. तालमीच्या खोलीत एकदा मुद्दाम तशाच दाटीत उभे राहून सगळी गाणी वाजवून बघा. एकमेकांकडे न बघता वाजवायची सवय नसेल, तर ती तिथेच कळेल.

मोठ्या हॉलमधली एक गोष्ट नव्या बँडला हमखास फसवते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत ३४ मीटरवर असेल, तर स्नेअरचा ठोका तिथे आपटून तुमच्यापर्यंत परत यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. म्हणजे परत आलेला ठोका मधेच कुठेतरी पडतो. धड मात्रेवर नाही, धड दोन मात्रांच्या मध्यावरही नाही. कान नकळत त्याच्या मागे जातो आणि लय मागे ओढली जाते. स्टेजवर कोणालाच कळत नाही, फक्त गाणं जड वाटायला लागतं. उपाय एकच : ड्रमरने हॉलचं ऐकायचं नाही आणि बाकीच्यांनी ड्रमरच्या हाताकडे बघायचं. बेस आणि ड्रम शक्य तितके जवळ राहा. तू किक ड्रम कानाने नाही, अंगाने ऐकलास तरी चालेल. मॉनिटरमध्ये थोडकं मागा. गायकाला स्वतःचा आवाज, ड्रमरला तुझा बेस, एवढं नीट मिळालं तर तीस मिनिटं निभावतात. चौघांनी चार-चार गोष्टी मागितल्या की मॉनिटरवाल्याची धांदल होते आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. आणि रिकाम्या हॉलमध्ये आवाज फार खणखणीत वाटला म्हणून ॲम्पचं ट्रेबल लगेच उतरवू नका. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं वरचे स्वर बरेच शोषून घेतात.

गाण्यांबद्दल माझं मत ठाम आहे. त्या कलाकाराचं गाणं घेऊ नका. तासाभरात तो स्वतः स्टेजवर येणार आहे आणि कदाचित तेच गाणं गाणार आहे. त्याच्या चाहत्यांसमोर तुलना ओढवून घेऊन आदर कसा दिसणार? त्याच्यामुळे तुम्ही काय रचायला शिकलात, ते त्याला ऐकू द्या. अकरा मिनिटांच्या गाण्यालाही माझा नकार आहे. गिटारवाल्याला वाईट वाटेल, पण ते गाणं तुम्हाला ओळखणाऱ्यांसाठी आहे. अनोळखी माणूस चौथ्या मिनिटाला शेजाऱ्याशी बोलायला लागतो, मग पुढची सात मिनिटं त्याला परत आणता येत नाही. तीस मिनिटांत संगीत चोवीस-पंचवीस मिनिटांचंच बसवा. पहिलं गाणं छोटं, पहिल्या ठोक्यापासून अंगावर येणारं. नमस्कार, चमत्कार, ओळख काही नाही. सरळ वाजवायला सुरुवात. बँडचं नाव पहिल्या गाण्यानंतर सांगा आणि शेवटच्याआधी पुन्हा सांगा. मधे सूर लावायचा तर पायाने दाबून आवाज बंद करणारा पेडल ट्यूनर (सूर दाखवणारं छोटं यंत्र) वापरा आणि तेवढा वेळ ड्रमरला लय चालू ठेवू द्या. तारा त्याच दिवशी बदलू नका. नव्या तारा ताणून बसेपर्यंत सारख्या उतरतात.

आणि वेळ. तीस म्हणजे तीस. तुम्ही ओलांडलेलं प्रत्येक मिनिट पुढच्या मांडामांडीतून जातं, आणि ती करणारी माणसं सकाळपासून उभी असतात. शेवटचा सूर संपला की सगळं सामान आधी स्टेजखाली न्या. झांजा सोडवणं, केबल गुंडाळणं नंतर, कडेला. हे पाळणाऱ्या बँडचं नाव स्टेजवरची माणसं लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी आयोजकांना तेच नाव सुचवतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

प्रश्न : मी गाते. आमच्या बँडने नुकतंच एका मोठ्या कलाकाराच्या आधी वाजवलं. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापासूनच लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले. मी एकदा 'थोडं ऐकून तर घ्या' म्हटलं, तर आणखीच गलका झाला. घरी येऊन रडले. पुन्हा कोणाच्याही आधी गायचं नाही असं ठरवतेय. चुकतंय का माझं?

उत्तर : रडू आलं यात काहीच गैर नाही. तू तुझी गाणी घेऊन गेली होतीस आणि समोरच्यांनी ती ऐकलीच नाहीत; ते लागतंच. पण निर्णय घ्यायच्या आधी दोन जुन्या हकिकती ऐक.

१९६७च्या जूनमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या महोत्सवात सगळ्यांना थक्क केलं. त्यानंतर महिन्याभरात, जुलैमध्ये, तो 'द मंकीज' या बँडच्या दौऱ्यावर त्यांच्या आधी वाजवत होता. मंकीज टीव्हीवरून घराघरांत पोचलेले, त्यांचे चाहते शाळकरी वयाचे. हेंड्रिक्स वाजवत असताना मुलं मंकीजच्या नावाने ओरडायची. थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला. महिन्यात त्याची गिटार बिघडली नव्हती, फक्त समोरची माणसं बदलली होती. दुसरी हकिकत प्रिन्स या गायकाची. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये तो रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या आधी उभा राहिला, तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला, हाताला येईल ते फेकलं आणि त्याला ठरल्यापेक्षा लवकर स्टेज सोडावं लागलं. १९८४मध्ये त्याचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. सोसलेल्या प्रत्येकाचं असंच भलं होतं, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. पण त्या रात्रीच्या गलक्यावरून स्वतःच्या गाण्यांची किंमत ठरवू नकोस, एवढं मात्र मनापासून सांगतो.

दुसऱ्याच्या आधी गाणं यात कमीपणाही नाही. १९७२मध्ये गायक स्टीव्ही वंडर रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकेच्या दौऱ्यात आधी गात होता आणि तेव्हा तो नवखा मुळीच नव्हता. रॉक ऐकणाऱ्या श्रोत्यांपर्यंत त्याला पोचायचं होतं. तेव्हा पुढचं बोलावणं आलं की आधी एवढंच बघ : या कलाकाराचे श्रोते तुमचं संगीत ऐकतील अशी थोडी तरी शक्यता आहे का? नसेल तर नम्रपणे नाही म्हण.

आता गाण्याच्या कामाचं. नावाचा गजर गाणं चालू असताना क्वचित सुरू होतो, बहुतेक वेळा दोन गाण्यांमधल्या शांततेत होतो. तुमच्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग असेल तर काढून बघ, ओरडा नेमका कुठे सुरू झाला. सूर लावताना, पाणी पिताना, पुढचं गाणं कोणतं यावर कुजबुजताना, असंच सापडेल. ती भोकं बुजवा : दोन गाणी एकमेकांना जोडा, एकाचा शेवटचा ठोका हाच दुसऱ्याचा पहिला. आणि श्रोत्यांना रागावू नकोस. मागचे ओरडत असतात, पण ते बोलणं पुढच्यांना लागतं, आणि पुढचे तर ऐकत असतात. त्यातला एखादा चेहरा निवड आणि त्याच्यासाठी गा. 'तुमचा लाडका कलाकार आता येतोच आहे' हे वाक्यही टाळ. ते बोलताच लोक तुझ्या पलीकडे बघायला लागतात.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, ड्रम वाजवते. एका नामवंत कलाकाराच्या आधी वाजवायची संधी देतो, पण त्याबदल्यात बँडने पन्नास तिकिटं आगाऊ विकत घ्यावीत, विकली जातील त्यांचे पैसे तुमचे, असं एका आयोजकाने सांगितलंय. मुलं पैसे जमवायला निघालीत. मी काय म्हणावं?

उत्तर : ताई, मी तरी नाही म्हणेन. बँडला मानधन कमी देणं समजू शकतो. नव्या मुलांच्या वाट्याला ते येतंच. पण वाजवणाऱ्यांकडूनच आगाऊ पैसे घ्यायचे, म्हणजे आयोजकाची जोखीम पोरांच्या डोक्यावर टाकायची. आपल्या मित्रमंडळींत कार्यक्रमाची जाहिरात करा, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. त्यात मुलांनी जीव ओतून काम करावं.

एक प्रश्न मुलीला जरूर विचारायला सांगा : मुख्य कलाकाराच्या व्यवस्थापकांना आमचं नाव कळवलंय का, आणि त्यांनी ते मान्य केलंय का? आधी कोण वाजवणार, हे त्यांच्या संमतीशिवाय ठरत नाही, असं बऱ्याच करारांत असतं. यावर उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. होकार आला, तर पुढच्या गोष्टी लेखी घ्या : किती वाजता पोचायचं, किती मिनिटं वाजवायचं, ड्रम आणि ॲम्प कोणाचे, मानधन किती आणि कधी, रेकॉर्डिंग कोण करणार आणि ते कोणाचं, स्वतःच्या सीडी-टीशर्ट विकायला परवानगी आहे का. आयोजकाशी बोलणं मुलांनाच करू द्या. पुढे आयुष्यभर त्यांनाच करायचं आहे. सहीही त्यांचीच असू दे. फक्त त्याआधी तो कागद तुम्ही शांतपणे वाचून बघा.