दगडांना कुंकू लावायचं नाही, काकू!

प्रश्न: लेक-जावई इंग्लंडात स्विंडनला असतात, आम्ही दोघं जूनमध्ये जाणार. तिची शेजारीण ड्रुइड पंथाची आहे, तिनं एव्हबरीच्या जुन्या दगडांच्या रिंगणात सगळ्यात मोठ्या दिवसाच्या विधीला बोलावलंय. आमच्या ह्यांच्या गळ्यात माळ आहे. जावं का? नारळ, हळद-कुंकू नेऊ का? आणि हे खरंच पाच हजार वर्षांपासून चालू आहे का ओ?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: जा की काकू, बिनधास्त जा. कुणी तुमचा धर्म विचारत नाही की बदलायला लावत नाही, बघायला आलेले पण रिंगणात उभे राहतात.

पाच हजार वर्षांचं म्हणाल तर दगड जुने, विधी नवा. एव्हबरीचं रिंगण साधारण इ.स.पू. 2850 ते 2200 ह्या काळात उभं राहत गेलं, आणि ड्रुइडांबद्दल, म्हणजे जुन्या केल्टिक लोकांच्या पुरोहितांबद्दल, ज्युलियस सीझर लिहितो तो त्याच्यानंतर दोन हजार वर्षांनी, त्यामुळं हे दगड त्यांनीच उभे केले असं म्हणायला काही आधार नाही. ती सांगड 17व्या-18व्या शतकात जॉन ऑब्री, विल्यम स्टकली ह्या जुन्या वास्तूंच्या इंग्रज अभ्यासकांनी घातली. स्टोनहेंजला, म्हणजे तिकडच्याच दुसऱ्या प्रसिद्ध दगडी रिंगणात, आधुनिक ड्रुइडांचा मोठा सोहळा झाला तो 1905 ला, म्हणजे टिळकांनी गणपती चौकात आणला त्याच्या पण नंतर. म्हणून ते खोटं ठरतं असं मला वाटत नाही, मनापासून करतात लोक. फक्त कुणी अखंड परंपरा वगैरे सांगायला लागलं तर हसून मान डोलवा न् सोडून द्या.

विधीत काय असतं, तर सगळे गोल उभे राहतात, चारी दिशांना हाक देतात, प्रत्येक दिशेला तोंड करून शांतता आहे का असं विचारतात आणि सगळ्यांनी आहे म्हणायचं, मग हात धरून ‘आवेन’ (म्हणजे प्रेरणा) हा शब्द लांब सुरात तीनदा म्हणतात. तुम्ही म्हटलं तरी चालतं, गप्प उभं राहिलं तरी चालतं. नंतर पाव आणि मीड फिरतं. आता इथंच काकांचा प्रश्न येतो, कारण मीड म्हणजे मधाची दारू. पेला हातात आला की न पिता पुढच्याला द्यायचा, कुणी राग मानत नाही, काहीजण तर थेंबभर जमिनीवर सोडतात. शेजारणीला आधी सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी काकांची पंचाईत नको. एकादशी आली असेल तर पाव पण तसाच पुढं.

आणि हळद-कुंकू घरीच ठेवा! आपल्या बायकांचा हात दगड दिसला की आपोआप कुंकवाच्या करंड्याकडं जातो, मला माहितीय 😄 पण तिथल्या दगडांवर शेवाळासारखं दगडफूल वाढलेलं असतं, तेल-कुंकवानं ते मरतं न् डाग जात नाही. एव्हबरीत दगडाला नुसता हात लावायला परवानगी आहे, तेवढं करा. नारळ फोडायचा नाही, दिवा लावायचा नाही. जवळच वेस्ट केनेटचं पुरातन दफनगृह आहे, तिथं लोकांनी मेणाचे दिवे लावून लावून दगड काळे केलेत. फुलं नेलीत तर येताना घेऊन या. पांढरे झगे फक्त पुढं उभे असतात ते घालतात, तुम्ही साडीवर जाड स्वेटर न् बूट घाला, जून असला तरी पहाटे तिथं चांगलीच थंडी असते.

प्रश्न: आमच्या ट्रेकिंग ग्रुपनं 21 जूनला बेळगावजवळच्या राजहंसगडावर असाच सूर्योदयाचा विधी केला तर?
– निपाणीचा एक वाचक

उत्तर: आणि सूर्य कुठनं आणणार बाबा? मिरग लागून गेलेला असतो, गडाखालच्या येळ्ळूरकडं तेव्हा धुक्यापावसात समोरचा माणूस दिसत नाही. शिवाय तिकडं उन्हाळ्यात साडेसोळा तासांचा दिवस न् हिवाळ्यात आठाच्या पण आत, म्हणून त्यांना त्या दिवसाचं एवढं कौतुक. आपल्याकडं फरक जेमतेम दोन तासांचा. करायचंच तर मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी काठी उभी करून बघा, एक दिवस बेळगावात सावली पायाखाली गायब होते. गडावर काही करायचं असेल तर आधी परवानगीचं विचारा, शेकोटी पेटवू नका, आणि झेंडे-बॅनर तर अजिबात नकोत, आपल्या सीमाभागात त्याचा अर्थ लगेच भलताच निघतो.