ईकोचे स्पीकर बदलायचेत? आधी दाराचं पॅड उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा: सेकंड हँड ईको घेतली आहे, ५ सीटर, सीएनजी. गाडीबरोबर आलेले कंपनीचे चार स्पीकर आवाज वाढवला की फाटतात आणि बास तर नाहीच. दुकानदार चार नवे स्पीकर, अँप्लिफायर आणि सबवूफर (फक्त बाससाठीचा मोठा स्पीकर) मिळून २८ हजारांचं पॅकेज सांगतोय. बजेट आठ-दहा हजार आहे. काय करावं?

दुकानदाराला नमस्कार करून परत या. तुमच्या बजेटमध्ये काम होतं आणि चांगलं होतं, फक्त तो सांगतोय त्या क्रमाने पैसे घालू नका. माझ्याकडेही ईकोच आहे, घरच्या बेकरीचा माल पोचवायला घेतलेली. पहाटे साडेचारला कराडहून निघतो, सोबतीला रेडिओ नाहीतर फोनवरचं गाणं. मी आधी उलट्या क्रमाने पैसे घालून बसलोय, म्हणून उत्तर जरा लांबेल.

ज्यांना तुम्ही ‘कंपनीचे’ स्पीकर म्हणताय ते बहुधा कंपनीचे नसतीलच. ईकोच्या बऱ्याच गाड्या म्युझिक सिस्टीमशिवायच विकल्या गेल्यात. शोरूमच्या ॲक्सेसरी काउंटरवर किंवा बाहेरच्या दुकानात आधीच्या मालकाने डेक (डॅशबोर्डमधला प्लेयर) आणि स्पीकर बसवून घेतलेले असतात. त्यामुळे आधी वायरिंगवरच विश्वास ठेवू नका. कुणी काय जोडलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आता माझी गोष्ट. माझेही जुने स्पीकर फाटायचे. एका दुकानात गेलो, डब्यावर ‘३५० वॅट’ लिहिलेले साडेसहा इंची स्पीकर घेतले, पाऊण तासात बसवून मिळाले. घरी येताना मुद्दाम तबल्याचं सोलो लावलं. चाट (तबल्याच्या कडेचा टणक बोल) खणखणीत ऐकू येत होती, पण डग्ग्याचा घुमारा कुठेच नाही. जुन्या स्पीकरवर होता तेवढाही नाही! वाटलं, नवे आहेत, जरा वाजले की सुटतील. सुटले नाहीत. मग जुलैत ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली व्हायला लागली. शेवटी एका रविवारी वैतागून मी स्वतः दाराचं पॅड उघडलं.

आत जे दिसलं ते तुमच्याही दारात असण्याची शक्यता आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पॅडच्या मागे पत्र्याला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो. काचेवरून दारात उतरणारं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. तो टराटरा फाडून कोपऱ्यात कोंबला होता. स्पीकर चारऐवजी दोनच स्क्रूंवर, तेही थेट पत्र्यात, आणि कडेने बोट जाईल एवढी फट. डाव्या स्पीकरच्या वायरी उलट जोडलेल्या.

स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. समोरचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. मध्ये फट असली की दोन्ही भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. हे खाणं सगळ्यात जास्त होतं ते खालच्या सुरांत, म्हणजे डग्गा, ढोल, बास गिटार यांच्यात. चाटेचा आवाज सुटतो, डग्गा जातो. लाकडी खोक्यातला स्पीकर हातात धरलेल्या उघड्या स्पीकरपेक्षा भरदार वाजतो तो याचमुळे. गाडीत दार हेच खोकं, आणि ईकोचं दार म्हणजे पातळ पत्रा, त्याला हातभर भोकं. तिथे दहा हजारांचा स्पीकर लावला तरी तो पत्र्याच्या डब्यातच वाजणार.

म्हणून पहिला खर्च दारावर. दोन्ही पुढच्या दारांना डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी शीट, लावा. वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि खाली काळं चिकट ब्युटिल रबर असतं. मला दोन दारांना मिळून साधारण दोन हजार रुपयांचं लागलं. बाहेरचा सगळा पत्रा झाकायची गरज नाही. स्पीकरच्या मागची जागा आणि बोटाने टकटक केल्यावर ज्या भागातून डब्यासारखा आवाज येतो तो भाग, एवढं पुरतं. आतल्या पत्र्याची मोठी भोकं मात्र बंद करायची: पातळ ॲल्युमिनियमची पट्टी कापून बसवा, वरून शीट. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक छिद्रं असतात, ती चुकूनही बुजवू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार खालून गंजेल. आणि हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याचं छप्पर गळू नये म्हणून जी डांबरी पट्टी मिळते ती स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. दिसायला सारखीच, पण उन्हात गाडी उभी राहिली की वितळते आणि वास मारते. आमच्या शेजाऱ्यांच्या ओम्नीत तो वास बसलाय तो बसलाच.

पॅड उघडताना काच खाली-वर करायच्या हँडलपाशी सगळे अडतात, कारण स्क्रू दिसत नाही. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी बारीक क्लिप असते. जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि पॅडच्या मध्ये सरकवून बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढा, क्लिप टपकन उडून येते. कुठे उडते त्यावर लक्ष ठेवा, मी एक शोधण्यात अर्धा तास घालवला.

आता स्पीकर. डब्यावरचे वॅट विसरा. तुमच्या डेकवर ‘५० वॅट × ४’ लिहिलं असेल. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब फार तर १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८. त्या पन्नास वॅटचा हिशेब हा असा आहे, आवाज पूर्ण फाटलेला असतानाचा. स्वच्छ वाजताना तोच डेक एका स्पीकरला कसेबसे वीस वॅट देतो. मग ३५० वॅटचा स्पीकर घेऊन करायचं काय? बैलगाडीला ट्रकचं चाक लावण्यातला प्रकार.

बघायचा आकडा वेगळा आहे: सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये लिहिलेली असते. एका वॅटवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते तिच्यावरून कळतं. तीन डेसिबल जास्त मिळवायला अँप्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते. म्हणजे ८६ डेसिबलचा स्पीकर आणि ९२ डेसिबलचा स्पीकर यांत चौपटीचा फरक. ९२ वाला वीस वॅटवर जेवढा वाजेल तेवढा ८६ वाल्याला वाजवायला ऐंशी वॅट हवेत. साध्या डेकवर चालवायचे तर ९० च्या वरचेच बघा, आरएमएस, म्हणजे स्पीकरला सतत झेपणारे वॅट, ४०-५० असले तरी भरपूर झाले. सोनी, पायोनियर, जेबीएल या सगळ्यांचे असे साधे कोॲक्सियल स्पीकर, म्हणजे मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा ट्वीटर असलेले, मिळतात. वेगळ्या ट्वीटरचे कॉम्पोनंट घेतले तर आवाज छान समोर येतो, पण ट्वीटर बसवायचं काम वाढतं. पहिल्यांदा करताय, कोॲक्सियलच घ्या.

पुण्याला येणं-जाणं असेल तर वायर, कपलर (वायरी न कापता जोडायचे प्लग), कपॅसिटर असल्या किरकोळ वस्तू तपकीर गल्लीत घ्या, मुंबईला असाल तर लॅमिंग्टन रोडवर. स्पीकर मात्र बिल आणि वॉरंटी कार्ड देणाऱ्याकडूनच. या धंद्यात नकली माल एवढा सफाईदार असतो की डबा बघून मलाही ओळखता येत नाही.

विकत घ्यायच्या आधी काच पूर्ण खाली करून पट्टीने खोली मोजा. पत्र्यापासून काचेपर्यंत किती जागा आहे ते बघा आणि स्पीकरच्या डब्यावरच्या माउंटिंग डेप्थशी ताडून पाहा. मॅग्नेट काचेला घासला तर काच तरी ओरखडेल किंवा अडकेल. जागा कमी पडली तर स्पीकर आणि पत्र्याच्या मध्ये रिंग टाकून तो पुढे घ्यायचा. रिंग प्लास्टिकची घ्या. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीची) रिंग दुकानात सुरेख दिसते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगून बिस्किटासारखी होते. लाकूडच वापरायचं तर मरीन प्लाय, दोन्ही बाजूंनी ऑइल पेंट मारून. रिंग आणि पत्र्यामध्ये फोमची पट्टी लावायला विसरू नका, सगळी मेहनत त्या फटीसाठीच आहे.

वायरी जोडण्याआधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे टेकवलं ते स्पीकरचं प्लस, आत गेला तर उलटं. डेकच्या मागची वायर काढून हीच तपासणी डेकच्या टोकाकडून केली की कुठली वायर कुठे जाते तेही कळतं. मात्र डेक जोडलेला असताना सेल लावू नका. दोन्ही बाजू सरळ जोडल्या की गाणाऱ्याचा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहतो. एक उलटी असेल तर तो कुठून येतोय तेच समजत नाही. वायरी कापू नका, कपलर मिळतात. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतूनच वायर न्या, नाहीतर दार आपटून आपटून ती चिरते.

मागच्या स्पीकरचं काय? सध्या काहीच करू नका. ईकोची मागची दारं सरकती, त्यांत वायर नेणं कटकटीचं, म्हणून मागचे स्पीकर बाजूच्या पॅनेलवर असतात आणि तिथे नीट बंद खोकं होतच नाही. तेच जुने राहू द्या, डेकच्या फेडरमध्ये (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटायची सेटिंग) आवाज पुढे आणा. फाटणं थांबवायचं असेल तर त्यांच्या प्लसच्या वायरीत २०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाका. ४ ओहमच्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचं त्याने कमी मिळतं, आणि त्या बिचाऱ्यांना न झेपणारं काम तेच आहे. पुढच्या स्पीकरसाठी डेकमध्ये एचपीएफ (खालचे सूर अडवणारा फिल्टर) असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा. लाउडनेस (कमी आवाजात बास फुगवणारी सेटिंग) बंद. बास वाढवायचं बटण प्लस सहावर नेऊन ‘स्पीकर फाटतात’ म्हणणारे मी खूप पाहिलेत (मीही त्यातलाच होतो).

एवढं सगळं मिळून माझे आठ हजारांच्या आत भागले: स्पीकरची जोडी साडेचार हजार, शीट दोन हजार, बाकी रिंगा, फोम, वायर, कपलर.

अँप्लिफायर आणि सबवूफर नंतर हवाच वाटला तर ईकोपुरत्या दोन गोष्टी डोक्यात ठेवा. इतर गाड्यांत अँप सर्रास पुढच्या सीटखाली बसवतात. आपल्या गाडीत पुढच्या सीटखाली इंजिन आहे! सीट उचलली की थेट इंजिन, ती उष्णता आणि ते हादरे. दुकानदार नवखा असेल तर तो सवयीने तिथेच बसवू बघेल, त्याला थांबवा. दुसरं, मागे सीएनजीची टाकी. सबवूफरचं खोकं टाकीला किंवा तिच्या ब्रॅकेटला स्क्रूने बांधू द्यायचं नाही, गॅसच्या नळीला समांतर वायर बांधायची नाही, आणि खाली काय आहे ते बघितल्याशिवाय फ्लोअरमध्ये ड्रिल घालायचं नाही. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तेव्हा टाकी उतरवतात. खोकं चटकन काढता येईल असंच हवं. अँपची मुख्य वायर बॅटरीपासून हातभर अंतरातच फ्यूजमधून गेली पाहिजे, अँपपाशी लावलेला फ्यूज वायर वाचवत नाही.

आणि एक अपेक्षा आधीच कमी करा. ऐंशीच्या वेगाला ईकोत सीटखालून इंजिनची आणि चाकांची जी घरघर येते ती खालच्याच सुरांची असते, ती डग्ग्याला झाकणारच. सबवूफरने तिच्यावर मात करायला गेलात तर तासाभरात डोकं दुखेल. त्यापेक्षा पुढच्या फ्लोअरवर जाड रबरी मॅट टाका, थोडाफार फरक पडतो.

काम करताना पॅड परत लावायची घाई करू नका. प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर शेतीचा जाड पॉलिथीन कागद कापून ब्युटिलच्या पट्टीने चिकटवा, खालची कड दाराच्या आत वळवून. मग पॅड उघडंच ठेवून काचेवर बाहेरून दोन बादल्या पाणी ओता आणि आत टॉर्च मारून बघा. पाणी तळाच्या छिद्रांतून बाहेर पडलं पाहिजे, स्पीकरच्या रिंगवर थेंब दिसला तर तिथे वरून छोटी छत्री करा. मी कोल्ड्रिंकच्या बाटलीचा अर्धा तुकडा कापून लावलाय, तीन पावसाळे झाले, अजून कोरडं आहे.