वाचकांचे प्रश्न: गिटार झिणझिणते तेव्हा

प्रश्न: माझी अकूस्टिक गिटार पाच-सहा वर्षं जुनी आहे. गेल्या महिन्यात तारा बदलल्या. तेव्हापासून पाचवी तार मोकळी छेडली की आतून झिणझिण आवाज येतो. सहावी तार पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीवर) दाबली तरी तेच. बाकी सूर स्वच्छ आहेत. रिपेअरवाले म्हणतात, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली गेलीय, सॅडल (बॉडीकडे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उंच करू. करून घेऊ का?

उत्तर: नका करू. तुमच्या पत्रातच निम्मं निदान झालंय. मोकळी पाचवी तार आणि सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट, दोन्हीकडे वाजतो एकच सूर: ए, 110 हर्ट्झचा. तार फ्रेटला घासून जी खरखर होते ती जागेला बांधलेली असते. अमुक तार, अमुक फ्रेट, तिथेच ती होणार. तोच सूर शेजारच्या तारेवर काढला की गायब. तुमची झिणझिण मात्र सुरामागे फिरतेय. म्हणजे गिटारवर काहीतरी सैल आहे आणि ते नेमकं या सुराला थरथरतं. सॅडल उंच केलंत तर बोटं दुखतील, आवाज आहे तिथेच राहील.

खात्री करायची असेल तर पाचवी तार अर्ध्या सुराने उतरवा, म्हणजे ए पहिल्या फ्रेटवर जाईल. आता मोकळी तार स्वच्छ वाजली आणि पहिल्या फ्रेटवर झिणझिणली, तर फ्रेट, नट (खुंट्यांकडे तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी), सॅडल सगळे निर्दोष सुटले.

मग शोध सुरू करा, पण कानावर फार विसंबू नका. गडबड हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) असली तरी आवाज साउंडहोलमधून आल्यासारखाच वाटतो. त्यामुळेच माझ्याकडे येणारे बरेच जण ‘आतली पट्टी (फळीला आतून आधार देणारी) सुटलीय’ असं स्वतःच ठरवून येतात. इथे बोट जास्त कामाचं. एकाने ए वाजवत राहायचं, दुसऱ्याने एकेक वस्तू बोटाने दाबत जायचं. ज्या वस्तूवर बोट ठेवताच झिणझिण थांबते, ती तुमची. दुसरं माणूस हाताशी नसेल तर तारांवर फडकं टाकून त्या गप्प करा, सूर काढणाऱ्या ॲपवर 110 लावा आणि स्पीकर ब्रिजजवळ (बॉडीवर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्याजवळ) धरा. फोनचा स्वतःचा स्पीकर चालत नाही, त्यात एवढा खर्ज निघतच नाही. बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकर घ्या. आकडा 100 ते 120 च्या दरम्यान सावकाश फिरवलात की आवाज कुठे उठतो आणि कुठे मरतो ते स्पष्ट कळतं.

तारा बदलल्यावर सुरू झालंय, तर तारा बदलताना जिथे हात लागला तिथूनच सुरुवात करू. आधी कापलेली टोकं बघा. लांब ठेवली असतील तर ती एकमेकींना नाहीतर हेडस्टॉकला टेकून थरथरतात. खुंटीच्या दांड्याशी कापून टाका. मग त्या दांड्याच्या बुडाशी असलेलं षट्कोनी बुश. ते बोटांनी फिरलं तर सैल आहे. लाकूड सुकून आकसलं की ही बुशं हमखास ढिली पडतात आणि त्यांच्याखालची पातळ चकती थरथरायला मोकळी होते. बऱ्याच खुंट्यांना 10 मिलिमीटरचा पाना लागतो. फिरायचं थांबलं की तुम्हीही थांबा, जोर लावलात तर खालच्या पॉलिशला तडा जाईल. खुंटीच्या कानाचा छोटा स्क्रूही तपासा.

मग ब्रिज. साउंडहोलमधून छोटा आरसा आत धरा आणि टॉर्च मारा. तारेच्या टोकाची गोळी ब्रिजखालच्या लाकडी पट्टीला वर घट्ट भिडलेली दिसली पाहिजे. तार अडकवणाऱ्या पिनच्या टोकावर लटकत असेल तर पिन काढा, तार जरा वर ओढून धरा आणि पिन पुन्हा बसवा. पट्ट्याचं बटण, पिकगार्डची उचललेली कड, पिकअपची लोंबती वायर, बॅटरीचा डबा, यांवर फक्त एकेकदा बोट ठेवा. तारच खराब निघते असंही होतं: जाड तार न वाकवता आधीच कापली की तिच्यावरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल पडतं. पण एकाच सुराला दोन तारा मिळून बिघडल्या, हे मला पटत नाही.

आतल्या पट्ट्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. तारा ढिल्या करून हात आत घाला आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाशी कागदाचा पातळ कपटा सरकवून बघा. कपटा आत गेला तर तिथला जोड सुटलाय. तिथे कृपा करून झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. तो नीट आत पोचत नाही, आणि नंतर योग्य गोंद लावून शिकंजात आवळायची वेळ येते तेव्हा आधी त्याचे थर खरवडावे लागतात.

अरे हो, यातलं काहीही करण्याआधी गिटार दुसऱ्या खोलीत नेऊन वाजवा. खिडकीच्या काचेपायी उघडलेली गिटार मी पाहिली आहे.

प्रश्न: सगळ्याच तारा पहिल्या चार फ्रेटवर खरखरतात. वर, म्हणजे सातव्या फ्रेटच्या पुढे, काहीच त्रास नाही. फ्रेट घासून घ्यावे लागतील का?

उत्तर: फ्रेट घासले की परत येत नाहीत, तेव्हा तो विचार सगळ्यांत शेवटी. लक्षणं नेक (गिटारची मान) फार सरळ झाल्याची, कदाचित मागे वाकल्याची आहेत. नेकला पुढच्या बाजूने किंचित खोल बाक लागतो, नाहीतर थरथरणाऱ्या तारेला जागा पुरत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावा. सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा. तो बहुधा चौदावा असतो. आता सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. 0.1 ते 0.25 मिलिमीटर हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) नसेल तर पहिल्या तारेचा जुना तुकडा घ्या. 12 नंबरची तार 0.3 मिलिमीटर जाड असते, म्हणजे फट तिच्यापेक्षा थोडी कमी हवी. तार सातव्या फ्रेटला टेकलेलीच असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) थोडा सोडावा लागेल: घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. रॉड जाम वाटला तर सोडून द्या आणि कारागिराकडे न्या. आणि सोडत सोडत तो पार ढिला झाला तर नेकच्या आत स्वतःच खुळखुळायला लागेल. ती झिणझिण शोधणं हा निराळाच वैताग.

मात्र पाना हातात घ्यायच्या आधी हवा तपासा. गिटार खूप कोरड्या हवेत राहिली की समोरची फळी खाली बसते, तिच्याबरोबर ब्रिज आणि ताराही. फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचत असतील तर हेच झालंय. केसमध्ये आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा, आठवडाभर वाट बघा, मगच मोजा.

प्रश्न: फक्त तिसरी तार, तीही मोकळी असतानाच, सतारीसारखी वाजते. कुठलाही फ्रेट दाबला की ठीक.

उत्तर: नटची खाच. तानपुऱ्यात जवारी काढतात तेव्हा तार घोडीच्या सपाटीवर मुद्दाम घासू देतात; तुमच्या नटमध्ये तेच चुकून घडतंय. खाचेचा सर्वांत उंच बिंदू फिंगरबोर्डच्या बाजूला असायला हवा आणि तिथून मागे खुंटीकडे उतार. उतार उलटा झाला किंवा खाच रुंद झाली की तार खाचेच्या तळावर घसटते. तार उचलून खाचेत कागदाची छोटी पट्टी ठेवा आणि पुन्हा बसवा. आवाज थांबला तर दोष खाचेचाच. कारागिराला सांगताना ‘उतार दुरुस्त करा’ असं सांगा. नुसतं ‘खरखरतंय’ म्हणालात तर खाच आणखी खोल केली जाण्याचा धोका आहे, आणि मग तार पहिल्या फ्रेटला टेकेल. खाच आधीच खोल गेली असेल तर ती भरून नव्याने कापता येते, पण हाडाचा नवा नट बसवणं मला जास्त टिकाऊ वाटतं.